ग्रेड दोन की तीन? गुडघ्याच्या कूर्चेची प्रतवारी सगळ्यांची एकसारखी येण्यासाठी

गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया चालू होती आणि ओटीतल्या मॉनिटरवर आतला फिमोरल कॉन्डाइल (मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं गोल टोक) दिसत होता. मधोमध कूर्चेत (हाडावरच्या गुळगुळीत आवरणात) एक भेग, कडा किंचित उचललेल्या, तळ पिवळसर. मी म्हटलं, "तीन." टेबलाच्या पलीकडून माझा मित्र म्हणाला, "अरे, दोन आहे ही. तीन कुठली?" नोट लिहायला बसलेल्या रेसिडेंटने पेन थांबवलं, "सर, मग काय लिहू?" शेवटी त्याने 'ग्रेड २-३' असं लिहून विषय संपवला. दोन महिन्यांनी वर्गात दाखवायला म्हणून तोच व्हिडिओ काढला. कोणता गुडघा ते माझ्या लक्षात नव्हतं, आणि मी बिनदिक्कत म्हटलं, "दोन." मित्र त्या दिवशी पोट धरून हसला.

दोन माणसांचं एकमत न होणं ही एक गोष्ट, आणि एकाच माणसाचं स्वतःशीच एकमत न होणं ही दुसरी. दोन्ही मोजता येतात आणि बऱ्याच प्रमाणात सुधारताही येतात. त्यासाठी महागडं काही लागत नाही. चाळीस-पन्नास व्हिडिओ, तीन-चार सर्जन, एक नियमांचा कागद आणि थोडी शिस्त एवढं पुरतं. हे काम विभागात कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. रेसिडेंट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट डोळ्यांसमोर आहेत. थीसिसला हा विषय घेणाऱ्यांना जास्त उपयोग होईल.

आधी, एवढा खटाटोप कशासाठी? तो आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातो म्हणून. डिस्चार्ज कार्डावर 'ग्रेड ३' दिसलं की पुढचा डॉक्टर कूर्चा दुरुस्तीची भाषा सुरू करतो. 'ग्रेड २' असलं तर व्यायाम, वजन आणि वाट बघणं. आकाराचंही तेच. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७ साली रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून बसवण्याच्या उपचाराला मान्यता दिली, तेव्हा जखम २ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी असावी ही एक अट घातली. आता १४ × १४ मिमी म्हणजे १.९६ चौ. सेंमी आणि १५ × १५ मिमी म्हणजे २.२५. एका मिलिमीटरने माणूस कुंपणाच्या पलीकडे जातो.

पहिलं काम: पट्टी एकच धरा

माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटतात. 'ग्रेड ३' म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या पद्धतीचा ३? पुष्कळदा उत्तरच येत नाही.

आउटरब्रिज या अस्थिरोगतज्ज्ञाने आपली प्रतवारी १९६१ साली मांडली. ती फक्त गुडघ्याच्या वाटीच्या कूर्चेसाठी होती, आणि तीही दुर्बिणीतून नव्हे, गुडघा उघडून मेनिस्कस (सांध्यातली गादी) काढताना जे दिसलं त्यावरून. ग्रेड १ म्हणजे कूर्चा मऊ पडलेली, फुगलेली. ग्रेड २ म्हणजे अर्धा इंच किंवा त्याहून कमी रुंदीत भेगा आणि तुकडे. ग्रेड ३ म्हणजे तेच, पण अर्ध्या इंचाहून जास्त रुंदीत. ग्रेड ४ म्हणजे हाड उघडं. नीट वाचा: २ आणि ३ मधला फरक *रुंदीचा* आहे. खोलीचा तिथे उल्लेखच नाही.

आयसीआरएस या आंतरराष्ट्रीय कूर्चा संस्थेची पद्धत *खोलीवर* चालते. ० म्हणजे निरोगी. १अ मध्ये प्रोबने (टोकाला हूक असलेल्या तपासणीच्या सळईने) दाबलं तर खड्डा पडतो, १ब मध्ये वरवरच्या चिरा. २ म्हणजे कूर्चेच्या जाडीच्या अर्ध्याहून कमी खोल. ३ म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्यातही ३अ कॅल्सिफाइड थरापर्यंत (कूर्चेच्या तळाच्या, हाडालगतच्या कडक थरापर्यंत) न पोचलेली, ३ब त्या थरापर्यंत गेलेली, ३क हाडापर्यंत पोचलेली पण हाडात न शिरलेली, आणि ३ड म्हणजे कूर्चेला आलेला फोड. हाडाचा वरचा पत्राच फुटला की ४.

आता एक सेंटिमीटर रुंद पण जवळजवळ हाडाला भिडलेली जखम घ्या. मूळ आउटरब्रिजने ती २, आयसीआरएसने ३. उलट दोन सेंटिमीटर पसरलेली पण वरवर कुसळं निघालेली कूर्चा आउटरब्रिजने ३ आणि आयसीआरएसने १ब. दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर. त्यात 'सुधारित आउटरब्रिज' नावाने फिरणारी रूपं वेगळीच. काहींनी नाव तेच ठेवून खोलीची अट आत घातली आहे. मित्राशी झालेल्या माझ्या त्या भांडणाचं मूळही हेच निघालं: तो रुंदी बघत होता आणि मी खोली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आयसीआरएस धरावी असं मी सांगेन. जुनी पद्धत वाईट म्हणून नव्हे, तर जखम कशी बरी होईल याचा संबंध खोलीशी जास्त आहे आणि आकार तसाही आपण वेगळा लिहितोच. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची प्रतवारी मात्र या रकान्यात कधीही घालू नका. ती एक्स-रेची आहे. त्यात हाडाचे काटे आणि सांध्यातली फट बघतात, कूर्चा दिसतच नाही. रुग्णांनीही हे लक्षात ठेवावं: एक्स-रेच्या रिपोर्टमधला ग्रेड आणि दुर्बिणीच्या रिपोर्टमधला ग्रेड या दोन वेगळ्या भाषा आहेत.

दुसरं काम: नियमांचा कागद

प्रतवारीची मूळ व्याख्या चार ओळींची असते, आणि गुडघा त्या चार ओळी वाचून झिजत नाही. म्हणून व्याख्येत नसलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवायची. एकच पान, दोन्ही बाजूंनी. आमच्या कागदावरचे मुद्दे असे होते.

एकाच जखमेत मध्ये ३ आणि कडेला १ असेल तर काय धरायचं? सगळ्यात खोल जागा. पण तिचा व्यास प्रोबच्या टोकाएवढा तरी हवा, नाहीतर एखाद्या सुईएवढ्या भेगेने अख्खा कॉन्डाइल ३ होऊन बसतो.

'अर्धी जाडी' म्हणजे कशाच्या अर्धी? शेजारच्या निरोगी कडेच्या. हा मुद्दा वाटतो त्याहून जड आहे. वाटीची कूर्चा शरीरातल्या सगळ्यात जाड कूर्चांपैकी एक. मध्यभागी ती पाच मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही जाड असू शकते. कॉन्डाइलवर ती साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे दोन मिलिमीटरचा तोच खड्डा वाटीवर २ आणि कॉन्डाइलवर ३. आणि कडेची कूर्चाच झिजलेली असेल तर? मग मापाला आधार उरत नाही. अशा वेळी प्रतवारी देऊन बाजूला 'कड निरोगी नाही' असं लिहायचं, असं आम्ही ठरवलं.

सुटे धागे शेव्हरने (कापून ओढून घेणाऱ्या यंत्राने) काढण्याआधीची प्रतवारी की नंतरची? कुठलीही एक धरा, पण सगळ्यांनी तीच. आधीची धरली तर भेगांच्या आत काय आहे ते कळत नाही. नंतरची धरली तर सर्जनच्या हाताने केलेला खड्डा मोजला जाण्याची भीती. आम्ही नंतरची धरली.

'२-३' असा ग्रेड नाही. अडखळलात तर खालचा आकडा द्यायचा. खालचाच का, याला शास्त्रीय कारण नाही. सगळ्यांनी एकाच बाजूला झुकावं एवढाच हेतू. आणि 'प्रतवारी शक्य नाही' हा पर्याय फॉर्मवर हवाच. तो नसला की लोक अंदाजाने आकडा ठोकतात, आणि तोच अंदाज पुढे मतभेद म्हणून मोजला जातो.

तिसरं काम: व्हिडिओ गोळा करणं

एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती आधी. मग चित्रीकरणाची पद्धत ठरवा, कारण वाईट व्हिडिओवर चांगले डोळेही भांडतात.

नुसते फोटो चालत नाहीत. कूर्चेची प्रतवारी निम्मी डोळ्यांनी होते आणि निम्मी हाताने. प्रोब टेकवल्यावर पृष्ठभाग किती दबला, कडेखाली हूक सरकला का, तळाशी टणक लागलं का, हे बघायचं तर हालचाल हवी. इथे एक कबुली द्यावी लागते: व्हिडिओ बघणाऱ्याला फक्त खड्डा दिसतो, हाताला लागणारा मऊपणा पोचत नाही. म्हणून ० आणि १अ मधलं एकमत व्हिडिओवर नेहमीच कच्चं येणार. ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर निकाल बघून सर्जनांनाच दोष दिला जातो.

प्रत्येक तुकडा वीस ते तीस सेकंदांचा पुरतो. आधी लांबून सबंध पृष्ठभाग, मग जवळून जखम, मग प्रोबने दाबणं, कडेखाली हूक घालणं, आणि शेवटी हूकचं टोक जखमेशेजारी टेकवून दोन दिशांना माप. स्कोप (दुर्बीण) जवळ नेला की जखम मॉनिटरभर पसरते, लांब नेला की चण्याएवढी होते. त्या सगळ्या दृश्यात खरं माप एकाच वस्तूचं माहीत असतं, ते म्हणजे हूकचं टोक. तेव्हा आपल्या सेटमधल्या प्रोबचं टोक व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवा. आम्ही कपाटातले तीन प्रोब मोजले तर तिन्ही वेगवेगळे निघाले. तोवर सगळे जण एकच आकडा गृहीत धरून मापं लिहीत होते.

गुडघा किती वाकवला होता तेही नोंदवा. कॉन्डाइलवरची जखम तीस अंशाला दिसते तशी नव्वद अंशाला दिसत नाही.

आता दोन गमतीशीर सापळे. पहिला, मॉनिटरच्या कोपऱ्यात येणारं रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक. ते झाकल्याशिवाय तुकडा बाहेर द्यायचा नाही. दुसरा आवाज. रेकॉर्डिंगमध्ये सर्जन स्पष्ट म्हणत असतो, "थ्री-बी आहे, घे लिहून." आमचे पहिले बारा तुकडे असेच बोलके निघाले. सगळ्यांचा आवाज बंद करून पुन्हा सुरुवात केली.

निवड करताना सगळ्या ग्रेडचे नमुने हवेत, निरोगीसुद्धा. एकाच गुडघ्यातले सहाही पृष्ठभाग घेतले तर ते एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. सोपा उपाय: एका रुग्णाची एकच जखम.

चौथं काम: सरावाची बैठक

मुख्य संचाबाहेरचे दहा व्हिडिओ घ्या आणि सगळ्यांना एका खोलीत बसवा. इथे आपल्याकडची एक अडचण असते. सरांनी 'तीन' म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांना तीन दिसायला लागतं. म्हणून आधी चिठ्ठ्या. व्हिडिओ संपला की प्रत्येकाने न बोलता आकडा लिहायचा, चिठ्ठ्या उलट्या टेबलावर, मग एकदम उलगडायच्या. चर्चा सगळ्यात ज्युनियरपासून सुरू करायची आणि विभागप्रमुखांनी शेवटी बोलायचं.

पहिल्या बैठकीत चौथ्या व्हिडिओवर आमच्या चार चिठ्ठ्यांत तीन वेगवेगळे आकडे निघाले. कूर्चेचा एक पापुद्रा सुटून जागेवरच पडलेला होता. पापुद्रा मिटलेला धरला तर वरची चीर तेवढी दिसते, उचलला तर खाली जवळजवळ हाड. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट म्हणाली, "सर, हूक खाली जातोय म्हणजे तो भाग गेलेलाच समजायचा ना?" तोच नियम झाला: हूक खाली शिरला तर पापुद्रा नाहीच असं धरून खोली मोजायची. बैठकीचा उपयोग हाच. कोण चुकलं ते शोधायचं नसतं, कागदावर काय लिहायचं राहिलं ते शोधायचं असतं.

पाचवं काम: खरं वाचन

प्रत्येकाने एकट्याने, वेगळ्या दिवशी, व्हिडिओंचा क्रम उलटसुलट करून. रुग्णाचं वय, एमआरआय, तक्रार काही सांगायचं नाही. सत्तरीच्या आजी म्हटलं की हात आपोआप वरच्या ग्रेडकडे जातो. चार ते सहा आठवड्यांनी तेच व्हिडिओ नव्या क्रमाने पुन्हा. पहिली उत्तरं कुणाकडेही राहता कामा नयेत. माझा एक सहकारी ती मोबाइलमध्ये जपून ठेवायचा.

सहावं काम: आकडेमोड

बहुतेक जण इथे घाबरतात, म्हणून एक उदाहरण सावकाश करू. ५० जखमा, दोन सर्जन, प्रश्न एकच: खोल (३ किंवा ४) की उथळ? समजा दोघांनीही २२ ना उथळ म्हटलं आणि दोघांनीही १६ ना खोल. पहिल्याने खोल पण दुसऱ्याने उथळ म्हटलेल्या ८. उलट ४.

एकमत झालं ३८ वेळा, म्हणजे ७६ टक्के. ऐकायला छान. पण दोघांनी डोळे मिटून आपापल्या प्रमाणात आकडे टाकले असते तरी काही वेळा एकमत झालंच असतं. पहिल्याने एकूण २४ खोल म्हटल्या, दुसऱ्याने २०. योगायोगाने जुळण्याचं प्रमाण = (२४ × २० + २६ × ३०) ÷ २५०० = ०.५०४. आता कॅपा = (०.७६ − ०.५०४) ÷ (१ − ०.५०४) = ०.५२. योगायोग वजा केल्यावर उरलेलं एकमत एवढंच. (मी मुद्दाम 'कॅपा' लिहितो. 'कप्पा' लिहिलं की गुडघ्याच्या कप्प्यांशी गोंधळ होतो.)

हे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलं. लँडिस आणि कॉख यांनी १९७७ साली त्याच्या पायऱ्या पाडल्या: ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगलं, त्यावर जवळजवळ पूर्ण. या पायऱ्या मनाने पाडलेल्या आहेत असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. आपण मात्र त्या शिलालेखासारख्या वापरतो. तुलनेसाठी सांगतो, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ सर्जनांनी सहा शवांच्या गुडघ्यांचे दुर्बिणीचे व्हिडिओ आउटरब्रिजने जोखले. आपसातला कॅपा ०.५२ आला, आणि स्वतःशी स्वतःचा ०.८०. तेव्हा पहिल्या फेरीत ०.५ आला तर खचून जाऊ नका.

एक फसवी जागा आहे. समजा जवळजवळ सगळे व्हिडिओ उथळ जखमांचे घेतले: ४३ ना दोघांनी उथळ म्हटलं, एकीला दोघांनी खोल, आणि दोन्ही दिशांनी तीन-तीन जखमांवर मतभेद. एकमत ८८ टक्के, पण कॅपा फक्त ०.१८! सर्जन तेच, डोळे तेच, नमुना एकांगी. म्हणून सगळ्या ग्रेडचे व्हिडिओ हवेत असं वर म्हटलं. आणि म्हणूनच नुसता कॅपा छापू नका. एकमताची टक्केवारी, विश्वासमर्यादा (खरा कॅपा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा) आणि मूळ तक्ताही द्या.

पाचही ग्रेड वापरता तेव्हा भारित कॅपा घ्या. २ ऐवजी ३ म्हणणं आणि ० ऐवजी ४ म्हणणं या सारख्या चुका नव्हेत. सरळ भार दिला तर एका पायरीच्या फरकाला ०.७५ गुण मिळतात, वर्गभाराने (फरकाचा वर्ग धरून) ०.९४. म्हणजे वर्गभाराचा आकडा बहुधा फुगून येतो. कुठला भार वापरला ते न सांगता 'कॅपा ०.८५' लिहिणाऱ्या लेखावर मी विश्वास ठेवत नाही. दोनाहून जास्त परीक्षक असतील तर फ्लाइस यांची रीत. मिलिमीटरमधल्या आकारासाठी कॅपा नको, आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, सलग मोजमापांच्या एकमताचं माप) घ्या.

सातवं काम: आकड्याच्या मागे बघा

वरच्या उदाहरणात मतभेद १२ होते, पण ८ आणि ४ असे विभागलेले. पहिला सर्जन जखम जास्त खोल बघतो. फरक असाच एका बाजूला झुकत राहिला तर तो डोळ्यांचा नाही, सवयीचा. सांगितलं की सुटतो. फरक दोन्हीकडे विखुरलेला असेल तर नियम तरी धूसर आहे किंवा व्हिडिओ तरी.

मतभेद पृष्ठभागानुसार लावून बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं वाटीवर आणि ट्रॉक्लियावर (वाटी जिच्यात सरकते त्या मांडीच्या हाडावरच्या खाचेवर) होती, टिबियावर (नडगीच्या हाडावर) कमी. व्हिडिओ पुन्हा लावले तेव्हा कळलं की वाटीचे बरेच तुकडे तिरक्या कोनातून घेतलेले होते आणि प्रोब नीट पोचलाच नव्हता. दोष परीक्षकांचा नव्हता, पोर्टलचा (दुर्बीण आत घालण्याच्या छिद्राचा) होता.

एमआरआयची गोष्ट थोडक्यात, कारण तो वेगळा खेळ आहे. तिथे परीक्षक रेडिओलॉजिस्ट, आणि फसवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: गोल वळणावर तीन-चार मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये कूर्चा आणि पाणी एकत्र मिसळून दिसणं, किंवा चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास असलेल्या भागात निरोगी कूर्चाही उजळ दिसणं. एमआरआयची तुलना दुर्बिणीशी करायची असेल तर सर्जनने रिपोर्ट आधी वाचलेला नसावा. आणि दुर्बीण म्हणजे अंतिम सत्य असं धरण्याआधी त्या नऊ सर्जनांचा ०.५२ आठवा.

आठवं काम: रोजच्या नोटेत आणा

नियमांचा कागद लॅमिनेट करून ओटीच्या भिंतीवर लावा. नोट एकाच साच्यात लिहा: "आतला फिमोरल कॉन्डाइल, वजन पेलणारा भाग, ४५ अंश वाकवून, १२ × ८ मिमी, आयसीआरएस ३अ, सुटे धागे काढल्यावर, कड निरोगी." एवढी एक ओळ असली की पुढच्या डॉक्टरला व्हिडिओ नसला तरी चालतं. रेसिडेंटची नवी तुकडी आली की सरावाचे दहा व्हिडिओ पुन्हा लावायचे.

त्या दहांत सातवा क्रमांक सुरुवातीच्या भेगेचा आहे. उचललेल्या कडा, पिवळसर तळ. आजही चिठ्ठ्या उलगडल्या की निम्म्या दोनच्या आणि निम्म्या तीनच्या निघतात. भिंतीवरच्या कागदावर आता तिचा फोटो चिकटवला आहे आणि खाली लाल पेनाने लिहिलं आहे: 'ही २ धरायची.' मित्राचंच अक्षर आहे ते.